विश्लेषण : पायलटच्या नोकरीत तेजी-मंदीचा फेरा का येतो? जेआरडी टाटांचे आयुष्य काय सांगते?

नांदगाव : नांदगावहून मालेगावमार्गे धुळे गाठले, की शहराजवळच्या गोंदूरच्या धावपट्टीवर शिकाऊ पायलटांची छोटी विमाने दिसतात. बॉम्बे फ्लाइंग क्लबचे प्रशिक्षण तिथे चालते. याच क्लबच्या एका विद्यार्थ्याला १० फेब्रुवारी १९२९ रोजी भारतातला पहिला वैमानिक परवाना मिळाला. त्यावर क्रमांक होता १ आणि नाव जहांगीर रतनजी दादाभॉय टाटा, म्हणजेच जेआरडी.

एअर इंडिया आणि इंडिगोने २०२३ मध्ये मिळून जवळपास हजार विमानांची मागणी नोंदवली. तेव्हापासून बारावी सायन्स झालेल्या मुलामुलींच्या घरात पायलट होण्याची चर्चा वाढली आहे. खर्च पन्नास लाखांपासून पुढे आहे. नांदगावसारख्या तालुक्यात एवढी रक्कम म्हणजे बऱ्याचदा जमीन तारण ठेवणे. मात्र ज्या वर्षी ही मागणी नोंदवली गेली, त्याच वर्षी मे महिन्यात गो फर्स्ट कंपनीची उड्डाणे थांबली आणि तिच्या पायलटांना दुसरीकडे नोकऱ्या शोधाव्या लागल्या. एका वर्षात या दोन्ही गोष्टी कशा घडतात? भारतीय विमानसेवेची पहिली साठ वर्षे ज्यांनी आतून पाहिली, त्या जेआरडींच्या आयुष्यात याचे बरेचसे उत्तर मिळते.

उडण्याचे वेड कुठून आले?

जेआरडींचा जन्म २९ जुलै १९०४ रोजी पॅरिसमध्ये झाला. वडील रतनजी दादाभॉय टाटा हे जमशेदजींचे नात्यातले आणि व्यवसायातले सहकारी, तर आई सुझान फ्रेंच होती. फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावर आर्देलो या गावी कुटुंबाचे सुटीतले घर होते. शेजारी लुई ब्लेरिओ राहत असत. १९०९ मध्ये इंग्लिश खाडी विमानाने ओलांडणारे तेच हे ब्लेरिओ. त्यांची विमाने समुद्राच्या वाळूवर उतरत आणि लहानगे जेआरडी ते बघत उभे राहत. पंधराव्या वर्षी पैसे देऊन त्यांनी विमानातून पहिली चक्कर मारली.

केंब्रिजला जाऊन इंजिनीअरिंग शिकण्याची त्यांची इच्छा होती. वडिलांनी मात्र भारतात बोलावून घेतले आणि १९२५ च्या अखेरीस ते टाटांच्या कचेरीत रुजू झाले. पुढच्याच वर्षी वडील गेले. इंजिनीअरिंगची पदवी राहूनच गेली. ज्यांच्या नावाने आज इंजिनीअर घडतात त्यांच्याकडे ती नव्हती, हे वाचून अनेक इंजिनीअरना गंमत वाटेल.

जुहूला फ्लाइंग क्लब सुरू झाला तेव्हा ते पहिल्या विद्यार्थ्यांत होते. प्रशिक्षकासोबत चार तासांहून कमी उड्डाण झाल्यावर ते एकट्याने उडाले. १९३० मध्ये आगा खान यांनी भारत-इंग्लंड एकट्याने उडणाऱ्या पहिल्या भारतीयासाठी ५०० पौंडांचे बक्षीस लावले. जेआरडी कराचीहून निघाले, तर सतरा वर्षांचा अस्पी इंजिनीअर इंग्लंडहून. इजिप्तमध्ये अबुकीरला दोघांची गाठ पडली. अस्पीकडे जास्तीचे स्पार्क प्लग नव्हते. जेआरडींनी आपल्याजवळचे दिले आणि काही तासांच्या फरकाने शर्यत हरले. तो मुलगा पुढे भारतीय हवाई दलाचा प्रमुख झाला.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. जेआरडींना पोटासाठी कधीच उडावे लागले नाही. तेजी-मंदीचा चटका काय असतो ते समजायला त्यांच्या भागीदाराकडे बघावे लागते.

पोटासाठी उडणारा भागीदार कोण होता?

नेव्हिल व्हिन्सेंट हे रॉयल एअर फोर्समधून बाहेर पडलेले वैमानिक. पहिले महायुद्ध संपले तेव्हा युरोपात विमाने आणि वैमानिक दोन्ही ढिगाने उरले होते. प्रवासी मात्र नव्हते, कारण विमान कंपन्याच जेमतेम होत्या. मग लष्करात शिकलेले अनेक वैमानिक स्वस्तातली जुनी विमाने घेऊन गावोगाव फिरत. मैदानात विमान उतरवायचे, पैसे घेऊन लोकांना एक चक्कर मारून आणायचे, कुठे हवाई पाहणीचे काम मिळाले तर ते करायचे. व्हिन्सेंट १९२९ मध्ये न्यूऑल या सहकाऱ्यासह दोन जुनी डीएच-९ विमाने घेऊन याच कामासाठी भारतभर हिंडले.

या भटकंतीत त्यांना एक संधी दिसली. मार्च १९२९ पासून ब्रिटनच्या इम्पीरियल एअरवेजची हवाई टपाल कराचीपर्यंत येऊ लागली होती. तिथून पुढे मुंबई-मद्रासला पत्रे रेल्वेने जात. हे अंतर छोट्या विमानाने तोडता येईल अशी योजना घेऊन ते टाटांकडे आले. सर दोराबजी टाटा फारसे उत्सुक नव्हते. टाटा स्टीलचे जॉन पीटरसन यांनी गळ घातली, गुंतवणूक दोन लाख रुपयांचीच होती, म्हणून होकार मिळाला.

सरकारी होकाराला मात्र तीन वर्षे लागली. जागतिक मंदी आली होती. कराची-दिल्ली मार्गावर सरकारने स्वतः सुरू केलेली सेवा १९३१ अखेर खर्चकपातीत बंद पडली. अखेर टाटांनी अनुदान न मागता, नेलेल्या टपालाच्या मोबदल्यावर काम करायची तयारी दाखवली आणि १९३२ मध्ये करार झाला. युरोप-अमेरिकेतल्या कंपन्या त्या काळी सरकारी अनुदानावर जगत होत्या, हे लक्षात घेतले तर ही अट किती कठीण होती ते कळते.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जेआरडी एक इंजिनाचे पस मॉथ विमान घेऊन कराचीहून निघाले. अहमदाबादला इंधन घेतले. ते डब्यांतून बैलगाडीने आणले होते. दुपारी दोनच्या सुमारास ते जुहूला उतरले. तिथून व्हिन्सेंट दुसऱ्या पस मॉथमधून टपाल घेऊन बळ्ळारीकडे आणि दुसऱ्या दिवशी मद्रासला गेले. कंपनीकडे दोन विमाने आणि तीन वैमानिक होते, त्यातला तिसरा होमी भरुचा. पावसाळ्यात जुहूच्या मैदानात पाणी साचे, तेव्हा सगळा पसारा पुण्याला हलवावा लागे. पहिल्या वर्षी फक्त १५५ प्रवासी मिळाले, तरी ६० हजार रुपये नफा झाला.

हा नफा प्रवाशांमुळे नव्हे, टपालामुळे झाला. कंपनीचे खरे गिऱ्हाईक एकच होते, ते म्हणजे सरकारचे टपाल खाते. १९३८ मध्ये साम्राज्यातली पत्रे सरसकट विमानाने नेण्याची एम्पायर एअर मेल योजना भारतात लागू झाली तेव्हा फेऱ्या, विमाने आणि वैमानिक झपाट्याने वाढले. १९३९ मध्ये युद्ध सुरू झाल्यावर ती योजना गुंडाळली गेली आणि विमाने सरकारी कामाला जुंपली गेली. मुंबई-पुणे-कोल्हापूर मार्गावर काही काळ चाललेली एअर सर्व्हिसेस ऑफ इंडियाची सेवाही त्याच सुमारास थांबली.

व्हिन्सेंट यांना पुढचा काळ दिसला नाही. जानेवारी १९४२ मध्ये विमाननिर्मितीच्या कामासाठी गेलेले असताना ते ज्या लष्करी विमानातून प्रवास करत होते ते फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ नाहीसे झाले. जेआरडी एव्हाना टाटा सन्सचे अध्यक्ष झाले होते. भारतीय विमानसेवेच्या जन्माचे श्रेय जेआरडी आयुष्यभर व्हिन्सेंटना देत राहिले. आपल्याकडे मात्र हे नाव फारसे कुणाला आठवत नाही.

युद्धानंतर एवढी तेजी कशी आली?

हा भाग आजच्या वाचकाने सावकाश वाचावा असा आहे.

१९४५ मध्ये युद्ध संपले तेव्हा भारतात अमेरिकी लष्कराची डकोटा विमाने मोठ्या संख्येने पडून होती. ती स्वस्तात विकायला निघाली. बंगळुरूच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्यात दुरुस्त करून त्यांत प्रवासी आसने बसवली जात. हवाई दलातून मोकळे झालेले अनुभवी वैमानिकही उपलब्ध होते. म्हणजे विमान कंपनी काढायला लागणाऱ्या दोन सर्वांत महाग गोष्टी एकाच वेळी स्वस्त झाल्या. उद्योगपती आणि संस्थानिक यात उतरले. वर्ष-दोन वर्षांत विसाच्या आसपास कंपन्यांची नोंदणी झाली.

परवाने देण्यासाठी १९४६ मध्ये मंडळ नेमले गेले. जेआरडींचे म्हणणे होते, की देशात जेवढे प्रवासी आणि टपाल आहे त्यावर मोजक्याच कंपन्या जगू शकतील. स्वतःच्या कंपनीला स्पर्धा नको म्हणून ते असे म्हणतात, असा आक्षेप तेव्हा घेतला गेला. आक्षेप अगदी निराधार नव्हता, टाटांची कंपनी सर्वांत मोठी होतीच. पण गणित बरोबर होते. मंडळाने सढळ हाताने परवाने दिले आणि एकाच मार्गावर दोन-दोन कंपन्यांची अर्धी रिकामी विमाने उडू लागली.

नोकऱ्यांचा मात्र सुकाळ झाला. त्यातच १९४७ मध्ये फाळणी झाली. निर्वासितांना आणण्यासाठी आणि ऑक्टोबरअखेर काश्मीरमध्ये सैन्य पोहोचवण्यासाठी खासगी कंपन्यांची डकोटा विमाने आणि त्यांचे वैमानिकही वापरले गेले. काही महिने प्रत्येक विमानाला काम होते. ही मागणी संकटातून आलेली होती, ती टिकणारी नव्हती. आकडे वर जाताना हा फरक सहसा कुणाच्या लक्षात येत नाही.

या तेजीतही दार सगळ्यांना उघडे नव्हते. व्यावसायिक परवाना मिळवलेल्या प्रेम माथूर यांना एकामागून एक कंपन्यांनी महिला म्हणून नकार दिला. हैदराबादच्या डेक्कन एअरवेजने अखेर त्यांना नोकरी दिली.

१९४८ नंतर काम आटले. इंधन आणि सुटे भाग महागले होते. अंबिका आणि ज्युपिटर या कंपन्या १९४९ च्या सुमारास बंद पडल्या. सरकारने इंधनावर सवलत दिली, पण ती पुरली नाही.

नागपूरच्या मध्यरात्रीचा वाद काय होता?

याच काळात रफी अहमद किडवई या दळणवळण मंत्र्यांनी रात्रीच्या हवाई टपालाची योजना आणली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासहून संध्याकाळनंतर एकेक विमान निघायचे, मध्यरात्री चारही नागपूरला भेटायची, टपालाच्या पिशव्या आणि प्रवासी बदलायचे आणि पहाटेपर्यंत आपापल्या शहरात परतायचे. नांदगाव, चाळीसगाव, भुसावळ करत रेल्वेने नागपूरला जाणारे मुंबईचे पत्र आता रात्रीत पोहोचणार होते.

जेआरडींनी याला विरोध केला. रात्री उड्डाणाला लागणारी दिशादर्शक साधने आणि दिव्यांची सोय पुरेशी नाही आणि हिशेबही जुळत नाही, असे त्यांचे मत होते. टाटांच्या कंपनीने काम घेतले नाही. १९४९ च्या सुरुवातीला इंडियन ओव्हरसीज एअरलाइन्सने ते घेतले आणि काही महिन्यांत तिला थांबावे लागले. नंतर हिमालयन एव्हिएशनने आणि पुढे डेक्कन एअरवेजने ही सेवा चालवली.

निष्पक्षपणे सांगायचे तर इथे जेआरडींचा अंदाज पूर्ण खरा ठरला नाही. सेवा रुळली आणि १९७० च्या दशकापर्यंत टिकली. ती पहिल्यांदा चालवणारी कंपनी मात्र टिकली नाही.

राष्ट्रीयीकरणाने पायलटांचे भले झाले की नुकसान?

तोट्यातल्या कंपन्यांचे काय करायचे हे ठरवण्यासाठी सरकारने मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. १९५० च्या अहवालात समितीने म्हटले, की गरजेपेक्षा जास्त कंपन्यांना परवाने दिले गेले, त्यांचे एकत्रीकरण व्हावे. लगेच राष्ट्रीयीकरण करावे अशी शिफारस तिने केली नव्हती. तरीही १९५३ मध्ये कायदा झाला आणि १ ऑगस्टपासून देशांतर्गत आठ कंपन्या मिळून इंडियन एअरलाइन्स कॉर्पोरेशन झाली. परदेशी उड्डाणांसाठी एअर इंडिया इंटरनॅशनल वेगळी राहिली. याच नावाच्या कंपनीच्या मलबार प्रिन्सेस विमानाने कॅप्टन के. आर. गझदर यांच्या हाताखाली ८ जून १९४८ रोजी मुंबईहून लंडनकडे पहिले उड्डाण केले होते.

विश्वासात न घेता निर्णय झाला याचे जेआरडींना वाईट वाटले. नेहरूंशी मैत्री असूनही त्यांनी नाराजी लपवली नाही. मात्र एअर इंडियाचे अध्यक्षपद त्यांनी स्वीकारले आणि पंचवीस वर्षे सांभाळले.

पायलटांच्या बाजूने बघितले तर १९५३ ला मंदी थांबली. कंपनी बुडण्याची भीती गेली, निवृत्तिवेतनाची भाषा सुरू झाली. पण नोकरी देणारी दारेही दोनच उरली. आठ कंपन्यांतली माणसे एका ज्येष्ठता यादीत आली, की कोण कुणाच्या वर हा प्रश्न येतोच. पायलटच्या पेशात ज्येष्ठता यादी म्हणजे सर्व काही. कॅप्टन कधी होणार, मोठे विमान कधी मिळणार हे त्या यादीवर ठरते. कंपनी बदलली की अनुभव कितीही असो, अनेकदा यादीच्या तळाशी जावे लागते. इंजिनीअर दर तीन वर्षांनी कंपनी बदलून पगार वाढवू शकतो, पायलटला ते इतके सोपे नसते, त्याचे हे एक मोठे कारण.

जेआरडींना स्वतःला या व्यवस्थेचा झटका फेब्रुवारी १९७८ मध्ये बसला. त्याच वर्षी १ जानेवारीला एअर इंडियाचे सम्राट अशोक हे बोइंग ७४७ वांद्र्यासमोरच्या समुद्रात कोसळून २१३ जणांचा मृत्यू झाला होता. महिनाभरात मोरारजी देसाई सरकारने जेआरडींना अध्यक्षपदावरून दूर केले. इंदिरा गांधी सत्तेत परतल्यावर १९८० मध्ये ते संचालक मंडळावर आले, अध्यक्ष म्हणून नव्हे.

१५ ऑक्टोबर १९८२ रोजी, पहिल्या टपाल उड्डाणाला पन्नास वर्षे झाली तेव्हा ७८ वर्षांचे जेआरडी लेपर्ड मॉथ विमान घेऊन कराचीहून एकटे निघाले आणि जुहूला उतरले. १९९२ मध्ये त्यांना भारतरत्न मिळाले. २९ नोव्हेंबर १९९३ रोजी जिनिव्हात त्यांचे निधन झाले. काही महिन्यांनी, १९९४ मध्ये, ज्या कायद्याने त्यांची कंपनी सरकारकडे गेली होती तो रद्द झाला.

मग आज काय बदलले?

दारे उघडली आणि १९४६ चाच खेळ पुन्हा सुरू झाला, फक्त डकोटांच्या जागी भाड्याची जेट विमाने आली. ईस्ट-वेस्ट, दमानिया, मोदीलुफ्त या कंपन्या नव्वदच्या दशकातच संपल्या. २००३ नंतर स्वस्त तिकिटांची लाट आली, पायलट कमी पडले म्हणून परदेशी पायलट आणावे लागले. ती बातमी वाचून हजारो मुले प्रशिक्षणाला गेली आणि २००८ च्या मंदीत परवाना हातात घेऊन घरी बसली. किंगफिशर २०१२ मध्ये, जेट एअरवेज एप्रिल २०१९ मध्ये थांबली. जानेवारी २०२२ मध्ये एअर इंडिया पुन्हा टाटांकडे आली.

नांदगाव-मनमाड-येवला पट्ट्यातल्या कांदा उत्पादकाला हे चक्र वेगळे समजावून सांगायची गरज नाही. यंदा भाव मिळाला की पुढच्या हंगामात सगळे कांदा लावतात आणि सगळ्यांचा माल एकदम बाजारात येतो. पायलटच्या बाबतीत लागवड ते काढणी हा काळ दीड ते तीन वर्षांचा आहे. प्रवेश तेजीतल्या बातमीवर घेतला जातो, परवाना हातात येतो तेव्हा बाजार कुठे असेल हे प्रवेशाच्या दिवशी कळत नाही. शिवाय कांद्याला निर्यातबंदीचा फटका बसतो, तसा इथे एखाद्या सरकारी किंवा सावकारी निर्णयाने अख्खी कंपनी जमिनीवर येते. पायलट कुशल आहे की नाही याचा त्याच्याशी संबंध नसतो.

खर्चाचा हिशेब करताना काय धरावे?

व्यावसायिक परवान्यासाठी २०० तासांचे उड्डाण लागते. ते झाल्यावर एअरबस ए-३२० किंवा बोइंग ७३७ अशा ठरावीक विमानाचे टाइप रेटिंग वेगळे करावे लागते. त्याचे काही लाख रुपये प्रशिक्षण संस्थेच्या जाहिरातीतल्या रकमेत बहुतेकदा धरलेले नसतात. परवाना मिळाल्यानंतर नोकरी लागेपर्यंतच्या काळात कर्जाचा हप्ता, वैद्यकीय तपासणीचे नूतनीकरण आणि सराव टिकवण्यासाठीचे उड्डाण हा खर्च चालूच राहतो. म्हणून किमान दोन वर्षांचे हप्ते नोकरीशिवाय भरता येतील का, हे कर्जाच्या अर्जाआधी कागदावर मांडून पाहावे.

बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित आवश्यक आहे. प्रशिक्षण संस्था डीजीसीएच्या मान्यताप्राप्त यादीत आहे का, तिच्याकडे प्रत्यक्ष उडण्याजोगी विमाने आणि प्रशिक्षक किती आहेत आणि २०० तास पूर्ण व्हायला मागच्या तुकडीला किती महिने लागले, हे तिथे शिकलेल्या मुलांकडून विचारून घ्यावे. डीजीसीएची वैद्यकीय तपासणी शुल्क भरण्याआधी करावी. अनेक घरांत ती नंतर होते आणि डोळ्यांच्या किंवा कानाच्या एखाद्या दोषावर, पहिला हप्ता भरून झाल्यावर, सगळे अडते.